फ्लीबॅग बघितलेले कोणी आहे का? बहिणीनं पाठवलीय, आणि मी त्यातला कोण तेच कळेना

औसा_रोड (लातूर)

नमस्कार मंडळी. मी लातूरचा. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं असं दुकान आहे माझं. सिरीयलबद्दल लिहायची ही पहिलीच वेळ, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मागच्या बुधवारी रात्री साडेनऊला पुण्याहून धाकट्या बहिणीचा मेसेज आला. "फ्लीबॅग. प्राइमवर आहे. दुसऱ्या सीझनचा पहिला भाग झाला की सांग, मग बोलू." बस, एवढंच. चौदा महिन्यांत लाइट बिल आणि अण्णांच्या बीपीच्या गोळ्या सोडून तिसऱ्या विषयावर तिनं पाठवलेला हा पहिला मेसेज. म्हणून सोयाबीनच्या बियाण्याची ऑर्डर बाजूला ठेवली आणि बसलो.

दोन सीझन, सहा-सहा भाग, एकेक भाग अर्ध्या तासाच्याही आतला. तीन रात्रीत संपली. मंडळी झोपली की हॉलमध्ये मोबाइल तांब्याला टेकवून ठेवायचा, कानात इअरफोन, खाली इंग्रजी अक्षरं. निम्मं ऐकलं, निम्मं वाचलं.

बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो (पुढं सगळं फोडणार आहे, आधीच सांगितलेलं बरं). लंडनमधली एक बाई. शेवटपर्यंत तिचं नावच कळत नाही. जिकडंतिकडं गिनीपिगची चित्रं लावलेलं कॅफे चालवते, खरं म्हणजे बुडवत असते. आई कॅन्सरनं गेलेली. जिवाभावाची मैत्रीण गेलेली, आणि तिच्या जाण्यात हिचाही हात आहे हे पहिल्या सीझनच्या शेवटी कळतं. बाप आता हिच्या गॉडमदरबरोबर (बाप्तिस्म्याच्या वेळची मानलेली आई) राहतो. बहीण क्लेअर, मोठ्या पगाराची, कायम इस्त्री केल्यासारखी. क्लेअरचा नवरा मार्टिन, पिऊन अंगाशी येणारा, वर तोंड करून बोलणारा. घर सगळं फाटलेलं आणि वरून गोड बोलणं.

याला ते कॉमेडी म्हणतात. आणि हसू येतंच, हे मान्य करतो. एकदा तर एवढं आलं की बायको उठून आली, काय झालं म्हणून.

आता मुद्द्यावर. दुसऱ्या सीझनचा पहिला भाग. बाप आणि गॉडमदर लग्न करणार, म्हणून हॉटेलात जेवण. टेबलावर सहा जण: बाप, ती, दोघी बहिणी, मार्टिन आणि लग्न लावणारा पाद्री. आपली नायिका पहिल्याच दृश्यात नाकातलं रक्त पुसत आरशासमोर उभी. मग मागं जाऊन दाखवतात, इथपर्यंत आलं कसं. जेवता जेवता क्लेअर उठून बाथरूमला जाते आणि तिथं तिचा गर्भ पडतो. बाहेर येऊन पुन्हा खुर्चीवर बसते, जणू हात धुवून आली. धाकटी म्हणते दवाखान्यात चल, ही ऐकत नाही. शेवटी धाकटी सगळ्यांदेखत ते स्वतःवर घेते, गर्भ माझा पडला म्हणते. त्यावर मार्टिन जे बोलतो ते इथं लिहीत नाही. मग ती ठेवून देते एक, आणि पुढं मारामारी. पंचवीस मिनिटं, एक टेबल, बहुतेक सगळं तिथंच.

आता आमच्याकडचं सांगतो, म्हणजे मी का विचारतोय ते कळेल.

आई गेली त्याला चौदा महिने झाले. तेरव्याला दारात मांडव, पुरी, बुंदी, वांग्याची भाजी, मठ्ठा. धाकटी सकाळपासून वाढत होती. तिचा घटस्फोट झालाय, तीन वर्षं झाली. आमच्यात आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात. तर मामा तिसऱ्या पंगतीला बसलेले, हातात पुरी, आणि शंभर माणसांत तिला म्हणाले, "तुझ्याच काळजीनं गेली बघ वहिनी."

ती थांबली. हातात पुऱ्यांचं टोपलं. अगदी शांतपणे म्हणाली, "मामा, शुगर होती आईला. आणि दर रविवारी जिलबी घेऊन कोण यायचं?"

सगळी पंगत गार. आणि मी मठ्ठ्याचा घोट घेतलेला, तो माझ्या नाकातून आला. हसलो मी. आईच्या तेरव्याला. मोठ्यांदा. तोवर ती वळून आत गेलेली. तिला वाटलं असणार, मी तिला हसलो, मामाच्या बाजूनं. संध्याकाळच्या गाडीनं गेली. मागच्या वेळ अमावस्येलासुद्धा (घरच्यांनी शेतात जेवायचा आमच्याकडचा सण) शेतात आली नाही. आम्ही कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी-भाकरी खाल्ली, अंबिलाचं मडकं तसंच उरलं.

अण्णांनी त्या वेळी काय केलं ते राहिलं. चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत घातला आणि म्हणाले, "ते... मठ्ठा... हां." मग उठून मांडवाच्या मागं गेले.

फ्लीबॅगमधला बाप बघितला आणि मोबाइल पालथा ठेवला मी. अगदी असाच. वाक्य काढतो, अर्ध्यात सोडतो, हात हलवतो, दार शोधतो. पोरींशी बोलता येत नाही म्हणून त्यांना तिकिटं काढून देतो. व्याख्यानाला पाठवतो, मौनाच्या शिबिराला पाठवतो, दुसऱ्या सीझनला तर थोरामोठ्यासारखं वाढदिवसाला समुपदेशकाकडच्या एका भेटीचं कूपन देतो. अण्णा लातूरचे म्हणून कूपन देत नाहीत, पेरू देतात. पेरूची पिशवी हातात ठेवायची आणि निघायचं.

तर माझे प्रश्न दोन. एक, तुम्हाला ही बघताना हसू आलं का, आणि आलं तर कशाला? दुसरा, खरा. तिनं हाच भाग का बघायला लावला? ती मला मार्टिन समजते का? नवा मेसेज अजून केलेला नाही. आधी विचारून घ्यावं म्हटलं.

---

हिंगोलीकर_८७

भाऊ, मी पहिल्याच भागात बाद झालो. कोणीतरी लिहिलं होतं "कौटुंबिक विनोदी मालिका". मी भोळा. मोबाइल टीव्हीला जोडला, आई शेजारी तांदूळ निवडत बसलेली. पहिल्या मिनिटाला ती बाई दारात उभं राहून कॅमेऱ्याकडं बघून जे सांगायला लागली, ते मला धड बंदही करता येईना. रिमोट गादीखाली. आईला इंग्रजी येत नाही हे नशीब, पण पुढं जे दिसायला लागलं त्याला भाषा लागत नाही.

नंतर एकट्यानं तीन भाग बघितले. सगळी माणसं वाईट. एकसुद्धा धड नाही. बँकेत कर्ज मागायला गेली तर तिथंही तमाशा. यात विनोद कुठला? आपल्याकडं असं घर असतं तर लोकांनी वाळीत टाकलं असतं.

तुमचं तेरव्याचं मात्र वाचून मी हसलो. सॉरी.

---

औसा_रोड

हिंगोलीकर, सॉरी कशाला, मी स्वतः हसलोय म्हणून तर ही वेळ आली. इअरफोन लावा आणि आईला हरिपाठ लावून द्या.

"सगळी माणसं वाईट" हे मला पहिल्या सीझनला वाटलं होतं. दुसऱ्यात वाटलं, वाईट नाहीत, अडकलीत. एक मार्टिन सोडून.

---

मांजराकाठची (केज, बीड)

मी सगळी बघितलीय, दोनदा. तुम्ही सगळं लिहिलं आणि गॉडमदरवर एक ओळ? अहो, त्या घराची किल्ली तिच्या कमरेला आहे.

तिचं काम करणाऱ्या ऑलिव्हिया कोलमननं काय केलंय ते! एकदाही आवाज चढवत नाही. हसत हसत, गालाला हात लावत बोलते आणि पोरीला तिच्याच बापाच्या घरात पाहुणी करून टाकते. मला हसू कशाला आलं विचारलंत ना, तर तिला. कारण ओळखीची आहे. आमच्या एका नात्यातल्या बाई, नाव घेत नाही, घरात पाऊल टाकलं की म्हणायच्या, "अगं किती वाळलीस! बरंच आहे, तुझ्या उंचीला शोभतं." आता याला कौतुक म्हणायचं का काय? घरी जाऊन रात्री अंथरुणावर पडलं की मग लागायचं ते. गॉडमदरचं तसंच. समोर असताना रक्त निघत नाही.

आणि तो पुतळा. मुंडकं नसलेला बाईचा सोनेरी पुतळा, ही पोरगी तिच्या स्टुडिओतून उचलते आणि मग तो पूर्ण मालिकाभर या हातातून त्या हातात फिरतो. मी आधी त्याला नुसती चोरीची गंमत समजले. दुसऱ्या सीझनच्या शेवटी कळतं की तो हिच्या आईवरून घडवलेला आहे. माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. जी बाई आईच्या जागेवर येऊन बसली, तिच्याच हातनं आई घडलेली. शेवटच्या दृश्यात तो पुतळा काखेत घेऊनच ती चालत जाते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. दादा, रागावू नका, पण तुम्ही मार्टिन नाही आणि बापही नाही. तुम्ही क्लेअर आहात. चौदा महिने लाइट बिलाचे मेसेज करणारा माणूस क्लेअरच असतो. सगळं वेळेत, सगळं नीट, आणि पोटात काय चाललंय ते बाथरूममध्ये. विमानतळाचं आठवतं ना, शेवटच्या भागात? क्लेअर म्हणते, विमानतळावर धावत जावं असं माणूस मला एकच आहे, तू. तुमच्या बहिणीला तेच ऐकायचं असेल.

---

चौथीभिंत (परभणी)

मी नाटकवाला, म्हणून थोडं वेगळं बोलतो. कामून, तर या चर्चेत सगळे घरच्या गोष्टीत शिरलेत आणि मूळ करामत राहून चाललीय.

हे आधी नाटक होतं. फीबी वॉलर-ब्रिजनं लिहिलेलं, तिनंच एकटीनं केलेलं, २०१३ ला एडिनबरोच्या फ्रिंज महोत्सवात. एक बाई, एक खुर्ची, तासाभराचा खेळ. त्याची मालिका २०१६ ला बीबीसी थ्रीवर आली आणि दुसरा सीझन २०१९ ला. त्या वर्षीच्या एमीत सर्वोत्तम विनोदी मालिका, विनोदी मालिकेतली प्रमुख अभिनेत्री, लेखन आणि दिग्दर्शन ही चारही मालिकेच्या खात्यात. दिग्दर्शक हॅरी ब्रॅडबीअर.

तर एकपात्रीचं मूळ कुठं दिसतं? ती सारखी वळून आपल्याशी बोलते त्यात. हे आपल्याला नवं वाटायचं कारण नाही. आपल्या मराठवाड्यानं "वऱ्हाड निघालंय लंडनला" बघितलंय. औरंगाबादचे लक्ष्मण देशपांडे सर एकटे बावन्न माणसं उभी करायचे आणि सबंध खानदान विमानात बसवायचे. तिथं एकटा माणूस पूर्ण घर दाखवतो. इथं पूर्ण घर समोर असताना बाई एकटी पडते, आणि म्हणून आपल्याकडं बघते. एकाच युक्तीचा दोन टोकांचा वापर.

सोंगाड्याही प्रेक्षकांकडं वळतो, पण तो हशा घ्यायला वळतो. ही वळते ती सुटका करून घ्यायला. टेबलावर कोणी लागेलसं बोललं रे बोललं की मान आपल्याकडं, एक टोमणा, झालं, दुखलं नाही. पहिला सीझन आपण खुश असतो, बाई आपल्याला विश्वासात घेतेय म्हणून. आणि मग दुसऱ्या सीझनला तो पाद्री (अँड्र्यू स्कॉटनं केलेला) बोलता बोलता थांबतो आणि विचारतो, आत्ता कुठं गेली होतीस? मी खुर्चीत उठून बसलो. इतक्या भागांत तिच्या घरातल्या एकालाही हे दिसलं नव्हतं! बाप नाही, बहीण नाही. चार दिवसांच्या ओळखीच्या माणसाला दिसलं.

शेवटी ती बसथांब्यावरून उठते, कॅमेरा मागं जायला बघतो, ती मान हलवते. येऊ नका. आणि जाते. एकपात्री करणाऱ्या नटीनं प्रेक्षकाला घरी पाठवायचं म्हणजे काय धाडस आहे, ते स्टेजवर उभं राहिलेल्यालाच कळेल. आम्ही राज्य नाट्यस्पर्धेच्या तालमीत यावर दोन तास भांडलो, तालीम राहिली.

---

औसा_रोड

चौथीभिंत सर, तुमचं वाचून मी पाद्र्याचा तो प्रसंग पुन्हा बघितला. पहिल्यांदा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटलं, वाचता वाचता माझीच ओळ सुटली.

कबूल करतो, मीसुद्धा असा वळतो. गिऱ्हाईक उधारीचं बोलायला लागलं ना, "दिवाळीला देतो हो मालक", तेव्हा मी भिंतीवरच्या तुरीच्या पोस्टरकडं बघतो. त्यावर एक शेतकरी आहे, हातात शेंगा, बत्तीशी दाखवून हसणारा. सात वर्षं झाली, तो आणि मी. त्याला सगळं माहीत आहे.

तेरव्यालाही मी असाच कुठंतरी बघायला पाहिजे होतं. मठ्ठ्याकडं बघितलं, तिथंच चुकलं.

मांजराकाठची ताई, तुमचं क्लेअरचं बायकोला वाचून दाखवलं. ती "हंऽऽ" म्हणाली आणि कुकर लावायला गेली. लग्नाला सोळा वर्षं झालीत, त्या हं-चा अर्थ मला कळतो.

---

तुळशीपाशी (उमरगा, धाराशिव)

माझी मुलगी हैदराबादला असते, तिच्याकडं महिनाभर होते तेव्हा तिनं दाखवली. मधेमधे ती पुढं ढकलायची, मी म्हणायचे, राहू दे गं, मी दोन लेकरांची आई आहे.

हिंगोलीकरांनी विचारलंय, यात विनोद कुठला. मी एक सांगते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, सगळं गाव दमून झोपलेलं. मी वीस वर्षांची, बाळंतपणाला माहेरी आलेले. पहाटे चारला कमी होती काही मिनिटं. किल्लारीकडच्या भागातलं घर आमचं, दगडमातीच्या हातहात रुंद भिंती आणि वर माळवद. मी अंगणात बाजेवर होते म्हणून आज लिहितेय. चुलते गेले. शेजारच्या दोन घरांत कोणी उरलं नाही.

आजी आत सापडली होती. दाराच्या चौकटीखाली पोकळी राहिलेली, त्यात. माझ्या भावानं आणि आणखी दोघांनी हातानं दगड काढले, कारण टिकाव मारायची भीती. उजाडून बराच वेळ झाला तेव्हा तिला बाहेर काढलं. सगळं तोंड मातीनं पांढरं, एक हात लुळा. बाहेर येऊन तिनं डोळे उघडले, इकडं तिकडं बघितलं. कुठं भिंत नाही, घर नाही, आभाळच आभाळ. आणि भावाला म्हणाली, "दाराला कडी घातलीस का रे?"

आम्ही हसलो. माझा भाऊ रडत होता आणि हसत होता, दोन्ही एकदम. आई हसली. ज्याची बायको गेली होती तो शेजारचा माणूससुद्धा हसला, आणि मग मटकन खाली बसला. आजीला राग आला. हसता काय म्हणाली, चोर शिरतील.

पुढं कित्येक वर्षं आमच्याकडं कोणी फार मनाला लावून घेतलं की दुसरं म्हणायचं, कडी घातलीस का? बाहेरच्या माणसाला यात काही कळायचं नाही. नव्या सुनेला वाटायचं, हे लोक दाराचं काय सारखं विचारतात.

म्हणून त्या मालिकेत आईच्या अंत्यविधीचा भाग आला (दुसरा सीझन, चौथा भाग), तेव्हा मला अजिबात विचित्र वाटलं नाही. त्या दिवशी नेमकी ती पोरगी फार छान दिसत असते. जो भेटेल तो म्हणतो, किती सुंदर दिसतेस. केस विस्कटून बघते, तरी छानच. आई गेलीय आणि हिला लाज वाटतेय आपण छान दिसतोय याची. मुलगी माझ्याकडं बघायला लागली, आई तू हसतेस का रडतेस? पुढं ती मैत्रिणीला म्हणते, आईसाठी असलेली ही सगळी माया आता कुठं ठेवू. मैत्रीण म्हणते, मला दे. आणि ती मैत्रीणही नंतर जाते. हे मला माझ्या मुलीनं समजावून सांगावं लागलं नाही.

लातूरच्या भावा, तुम्ही हसलात ते काही पाप नाही. पण चौदा महिने फोन केला नाहीत हे मात्र मला पटलं नाही. एवढं तुम्हाला कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते, वयानं मोठी आहे.

---

हिंगोलीकर_८७

मावशी, मी माझं वाक्य मागं घेतो. मालिकेबद्दलचं नाही, विनोद कुठला ते.

---

औसा_रोड

मावशी, तुमचं वाचलं तेव्हा दुकानात होतो. शटर अर्धं ओढलं आणि लावला फोन.

एकच रिंग गेली. "बघितलीस?" म्हणाली. नमस्कार-चमत्कार काही नाही.

मी म्हणालो, बघितली, सगळी. मग सुचेना. मग जे इथं विचारलं तेच विचारलं, मी त्यातला कोण? मार्टिन?

ती हसायलाच लागली. म्हणाली, "दादा, तू ती वेट्रेस."

मंडळी, तुम्हाला वेट्रेस आठवते का? मला आठवेना. फोन चालू ठेवून आठवत बसलो. त्या हॉटेलातली वाढणारी पोरगी. सारखी हसत येते, काही हवंय का विचारते, आणि मारामारीत कारण नसताना तिचंही नाक फुटतं. सुरुवातीच्या दृश्यात बाथरूमच्या फरशीवर बसलेली तीच. बहीण म्हणाली, "तुझा काही संबंध नव्हता. मधे सापडलास, नाकातून मठ्ठा आला."

म्हणजे तिनं बघितलं होतं? म्हणाली, नाही, वहिनीनं सांगितलं. त्याच दिवशी. फोनवर. (हा तो "हं". या दोघी चौदा महिने दर शुक्रवारी बोलतात, हे मला काल कळलं.) माझ्या हसण्याचा तिला राग नव्हताच. मामाला तोंडावर उत्तर दिलं आणि एक तरी माणूस हसला, याचं उलट तिला बरंच वाटलं होतं म्हणे. मी चौदा महिने जे उरावर घेऊन फिरत होतो ते तिच्या गावीच नव्हतं.

मग राग कशाचा? म्हणाली, तो भाग परत बघ. जेवण चाललंय, सगळे बोलतायत, आणि ती आपल्याकडं वळून म्हणते, पाऊण तास झाला, मला एकानंही काही विचारलं नाही. आणि तेवढ्यात तो पाद्री विचारतो, तू काय करतेस?

हे मी बघितलं होतं. हसलोही होतो त्यावर.

"मला तेरव्याला दिवसभर लोकांनी काय विचारलं माहितीय? पुऱ्या आहेत का. बास. माझीही आई होती ना रे ती. तूसुद्धा. टोपलं भरून नेताना तू मला म्हणालास, वांगं संपत आलंय."

म्हणालो होतो. वांगं खरंच संपत आलं होतं. हे मी तिला सांगितलंही, नको सांगायला पाहिजे होतं. पण ती म्हणाली, हो, बरोबर, संपलंच शेवटच्या पंगतीला. मग आम्ही दोघं त्या आचाऱ्यावर घसरलो. दोनशे पानांचं ठरवून दीडशेचंच केलं होतं त्यानं. वीसेक मिनिटं आचारीच चालला.

मग मी तिला विचारलं, झोप लागते का तुला. दुसरं काही सुचलं नाही. बराच वेळ ती काही बोलली नाही. पुढचं इथं लिहीत नाही, तिचं आहे ते.

वेळ अमावस्येला येते म्हणाली. भज्जी मी करायची, ही अट.

आता नवीच अडचण. रात्री जेवताना अण्णांना कळलं की धाकटीनं काहीतरी बघायला पाठवलं आणि आम्ही बोललो. चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "ते... काय ते... मलाही... लावून..." आणि हात हलवला. उठून गेले नाहीत, बसून राहिले.

आता या माणसाला त्यातला कोणता भाग दाखवू? त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. मौनाच्या शिबिराचा चालेल का, पहिल्या सीझनचा चौथा?

---

चौथीभिंत (परभणी)

तो नको. शिबिरात या बहिणी तोंड मिटून बसतात, पण शेजारीच पुरुषांचं शिबिर चाललंय आणि ते मोठमोठ्यानं बायकांना शिव्या देतायत. आवाज लांब जाईल.

---

मांजराकाठची (केज, बीड)

क्लेअरच्या केसांचा दाखवा, दुसऱ्या सीझनचा पाचवा. नवी फॅशन म्हणून केस कापून येते आणि पेन्सिलीसारखी दिसते. तेवढाच तुकडा काढून. वेट्रेसचं मात्र मला सुचलं नव्हतं, बहीण हुशार आहे.

---

तुळशीपाशी (उमरगा, धाराशिव)

शेवटचा दाखवा. लग्नाच्या दिवशी तो बाप माळ्यावर जाऊन बसतो आणि पोरगी त्याला आणायला वर जाते, तेवढंच. तिथं तो एक वाक्य पुरं करतो.

---

हिंगोलीकर_८७

काहीही दाखवा, रिमोट हातात ठेवा.